पिढीजात नौका

आमच्या घराला परंपरा नाही, हे मला शाळेच्या फाटकात उभं असताना कळलं आणि तिथल्या तिथे मी ती निर्माण केली. इतक्या झटपट परंपरा निर्माण करणारा दुसरा माणूस निदान आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात तरी नसेल. तिथे नळाला पाणी का नाही एवढं ठरवायलाच दोन साहेब बदलून जातात.

झालं असं की सुट्टी लागायच्या आधी दुसरीच्या बाईंनी वर्गात एकेकाला उभं करून विचारलं, सुट्टीत तुमच्या घरी दरवर्षी काय करतात? हल्ली शाळांना आपल्या घरात काय चाललंय याची भारी चौकशी. आमचे मास्तर आमच्या घराबद्दल एकच प्रश्न विचारायचे, घरी कोणी शिकवलं आहे का, आणि तोही कान पिळता पिळता. ते असो. कोणी सांगितलं आजीबरोबर केक करतो, कोणी सांगितलं सगळे मिळून गॅलरी रंगवतो. वर्गात दोन वेण्यांची एक मुलगी आहे. तिच्या घरी म्हणे आजोबांपासून धाकट्या भावापर्यंत सगळे उंचीप्रमाणे रांगेत उभे राहून फोटो काढतात, आणि तोही दरवर्षी त्याच जिन्यावर. मग आमची लेक टिकली उठली आणि म्हणाली, "आमच्या घरी जेवायचं टेबल उलटं करून बोट करतात आणि सगळे बोटीत बसून जेवतात."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. दोन वेण्या म्हणाली, "थापाडी." टिकली म्हणाली, "येऊन बघ." दोन वेण्या म्हणाली येतेच, रविवारी येते, आजोबांना घेऊन येते, आणि बोट नसली तर सुट्टी संपल्यावर सगळ्या वर्गाला सांगते. मुलांच्या जगात एकदा 'थापाडी' नाव पडलं की ते दहावीच्या निकालापर्यंत पुसलं जात नाही. मला स्वतःला शाळेत 'शेंबड्या' म्हणायचे, आणि परवा भर बाजारात एका टक्कल पडलेल्या माणसाने मला त्याच नावाने हाक मारली. तेव्हा हा प्रश्न साधा नव्हता.

पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मी टिकलीला आणायला गेलो तेव्हा बाई चक्क फाटकापर्यंत आल्या. या बाई माझ्याशी आजवर फक्त डबा, नखं आणि उशीर याच विषयांवर बोलल्या आहेत. त्या दिवशी त्या हसल्या. म्हणाल्या, "किती सुंदर परंपरा आहे हो तुमची. कधीपासूनची?"

कौतुकाची सवय नसलेल्या माणसाचं कौतुक करू नये. काय परंपरा, कसली परंपरा, मला काडीचा पत्ता नव्हता.

"पणजोबांपासून," मी म्हणालो.

माझे पणजोबा आयुष्यभर जमिनीवर बसून जेवले.

घरी येईपर्यंत टिकलीकडून सगळी हकीकत काढून घेतली आणि तिला खरं बोलण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी खोटं नाही बोलले." मी म्हणालो, हे दुसरं खोटं. तिचे डोळे भरले आणि ती टेबलाखाली जाऊन बसली. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अरे, त्यात काय एवढं? रविवारी टेबल उलटं करू, बसू, जेवू. नाहीतरी पूर्वी एकदा..." ती पुढे काहीतरी सांगत होती, पण मी हात वर केला. मी विचारात असताना मधे बोललेलं मला चालत नाही. बायको औषधांच्या दुकानात काम करते. दुखतंय तिथे गोळी द्यायची आणि मोकळं व्हायचं, असा तिचा खाक्या. परंपरा म्हणजे डोकेदुखी नव्हे, हे तिला कोण सांगणार? नुसतं टेबल उलटं केलं तर तो पोरखेळ होतो. परंपरेला इतिहास लागतो, झीज लागते, घरातल्या थोरांचा आग्रह लागतो.

आग्रहाची सोय घरातच होती. आईला विषय सांगितला मात्र, तिने वाटाणे सोलता सोलता माझ्या पणजोबांना पुरात घातलं. गावात पाणी शिरलं, पणजोबा उलट्या टेबलात बसले, पोराबाळांना घेतलं आणि वाहत वाहत थेट मामाच्या दारात. मी म्हटलं, आई, आपल्याकडे टेबल कुठे होतं? ती म्हणाली, म्हणून तर वाहून आलं ना दुसऱ्याचं. आईच्या पुढे मी कधीच बोलत नाही.

राहिली झीज. आमचं टेबल सासऱ्यांनी आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा पाठवलेलं, सागवानी, जड, आरशासारखं चकचकीत. बायको त्यावर गरम भांडं ठेवू देत नाही, कोपर टेकू देत नाही, आणि माझ्याकडे बघून टेबलाकडे बघते तेव्हा तिच्या नजरेतला फरक मला कळतो. दरवर्षी उलटं होणाऱ्या टेबलावर ओरखडे हवेत की नकोत? बायको दुकानात गेल्याचं पाहून मी पॉलिश पेपर आणला आणि टेबलाच्या पृष्ठभागावर पिढ्यान्पिढ्यांच्या खुणा केल्या. घाम निघाला, पण काम इतकं छान झालं की मला स्वतःलाच पणजोबांची आठवण येऊन भरून आलं.

बायको आली. टेबलाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी तिला झिजेचं तत्त्व समजावलं. तिने ओरखड्यांवरून एक बोट फिरवलं. मग तिने विचारलं, "टेबल उलटं केल्यावर ही बाजू कुठे जाणार?"

जमिनीकडे जाणार होती. म्हणजे ते ओरखडे पाहुण्यांपैकी कोणालाही, मुंगी वगळता, दिसणार नव्हते. ती एवढंच विचारून आत गेली आणि पुढचे काही दिवस माझ्याशी आईच्या मार्फत बोलली.

आता रविवारची वाट न बघता एकदा टेबल उलटून बघावं, म्हणून मी आणि आईने जोर लावला. टेबल आडवं झालं आणि फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये असं गच्च बसलं की ना पुढे ना मागे. फ्रिजचं दार उघडेना. दूध आत, चहा बाहेर. सुतारमामांना बोलवावं लागलं. त्यांनी टेबलाला एक प्रदक्षिणा घालता येते का पाहिलं, येत नव्हती, मग खाली बसून विचारलं की हे असं कशाला केलं. मी म्हणालो, आमचे पूर्वज दर्यावर्दी होते, त्यांच्या स्मरणार्थ. पुराची कथा त्यांना सांगायला हवी होती, पण सुतारासमोर वाहून आलेल्या टेबलाचा विषय काढणं मला प्रशस्त वाटलं नाही. मामांनी पाय काढले, टेबल सोडवलं, भिंतीलगत उलटं ठेवलं, पाय पुन्हा बसवले. जाताना म्हणाले की खिडकीकडच्या पायाचा स्क्रू फिरतोय, त्याला हात लावू नका, टेबल सुलटं करायच्या वेळी मला हाक मारा. मी मान डोलावली आणि विसरलो.

या सगळ्या खटपटीचा आवाज खालच्या मजल्यावर गेला, खालून सेक्रेटरींकडे गेला आणि सेक्रेटरी वर आले. आमचे सेक्रेटरी स्वभावाने गरीब आहेत, पण त्यांच्या हातात इमारतीची नियमावली असते तेव्हा नाही. त्यांनी ती चाळली. गॅलरीत कपडे वाळत घालण्याबद्दल नियम होता, कुत्र्याबद्दल होता, लग्नकार्याबद्दल होता, उलट्या टेबलाबद्दल नव्हता. नियम नाही म्हणजे परवानगी आहे असं मी म्हणालो. नियम नाही म्हणजे परवानगी देणार कशाखाली, असं ते म्हणाले. मीही कार्यालयात लोकांना हेच वाक्य ऐकवतो. कमिटीची तातडीची बैठक भरली. 'तात्पुरते उलटे फर्निचर' या सदराखाली आम्हाला मान्यता मिळाली, अट एकच: टेबलाखाली जाड ब्लँकेट घालायचं, म्हणजे खाली आवाज जाणार नाही. मी घरातलं सगळ्यात गुळगुळीत ब्लँकेट घातलं.

त्या बैठकीमुळे बातमी सगळ्या मजल्यांवर पसरली आणि कप्तान आले. कप्तान म्हणजे तळमजल्यावरचे काका. यांची सगळी नोकरी नदीवरच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकिटं फाडण्यात गेली. बोटीत ते कधी चढले नाहीत, कारण त्यांना मळमळतं. पण इमारतीत बोटीचा विषय निघाल्यावर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला विचारणार? त्यांनी आमच्या टेबलाभोवती हात मागे बांधून पाहणी केली आणि निकाल दिला की शिडाशिवाय बोट म्हणजे नुसता ट्रे. पडद्याचा दांडा काढला, डबलबेडची चादर घेतली आणि शीड तयार झालं. ते कोणत्या पायाला बांधायचं? वारा खिडकीतून येतो, म्हणून खिडकीकडच्या पायाला. तरी दांडा डुलायला लागला, तेव्हा त्यांनी त्याच्या टोकाची दोरी हॉलच्या मधोमध असलेल्या पंख्याच्या पात्याला बांधून टाकली. "आता वादळ आलं तरी हलणार नाही," ते म्हणाले.

मधल्या काळात मी शनिवारची रजा मागितली. कारण लिहिलं, 'कौटुंबिक परंपरा'. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं की गेल्या वर्षी या परंपरेसाठी रजा घेतली नव्हती, त्याच्या आदल्या वर्षीही नाही, मग ती परंपरा कशी? मी म्हणालो, साहेब, परंपरा यंदापासून सुरू होते आहे. ते म्हणाले, मग पुढल्या वर्षी अर्ज करा. तर्कात चूक नव्हती. मी रजा न घेता डोकं दुखतंय सांगून घरी आलो, आणि ते खरंच दुखत होतं.

टिकली या सगळ्या दिवसांत टेबलाच्या आसपास फिरत होती. पॉलिश पेपर, सुतार, नियमावली, शीड, यातलं तिने काहीच मागितलं नव्हतं. एकदा तिने माझा शर्ट ओढून विचारलं, "बाबा, आपण तिघंच कधी बसायचं?" मी म्हणालो, रविवार नीट पार पडू दे, तुझ्याच अब्रूसाठी चाललंय हे. ती बरं म्हणाली आणि गेली.

रविवारी दोन वेण्या आली. बरोबर तिचे आजोबा, ताठ, कडक इस्त्रीचे, जिन्यावरच्या फोटोत पहिले उभे राहणारे. मागोमाग कप्तान आले, कारण बोट सोडताना कप्तान हवाच. सेक्रेटरी आले, अटीचं पालन होतं की नाही बघायला, आणि बघता बघता बोटीत बसले. चार माणसांच्या टेबलात पाहुणे, आम्ही, आई, सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसलो. हातात ब्रेड-जॅम, केळी, उकडलेली अंडी. टिकली दोन वेण्यांच्या समोर बसली होती आणि तिच्याकडे बघायचं टाळत होती. दोन वेण्या मात्र एकेका वस्तूकडे बघत होती, तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरसारखी. शेवटी ती म्हणाली, "हे सगळं नवीन वाटतंय."

मी तिच्यापुढे आणखी एक अंडं धरलं. तेवढ्यात आजोबांनी विचारलं की ही प्रथा सुरू कशी झाली. आई म्हणाली पुरात. त्याच क्षणी मी म्हणालो दर्यावर्दी पूर्वजांमुळे. आणि कप्तानांनी, ज्यांचा आमच्या घराण्याशी सुतराम संबंध नाही, असं सांगितलं की यांच्या पणजोबांनी फेरीबोट चुकली म्हणून टेबलावरून नदी ओलांडली होती, त्यांच्या धक्क्यावर अजून त्याच्या आठवणी निघतात. टिकलीने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं, पोरगी दहावीपर्यंत थापाडी.

आजोबांनी आमच्या तिघांकडे आदराने बघितलं. "एवढ्या कथा आहेत," ते नातीला म्हणाले, "म्हणजे परंपरा फार जुनी असली पाहिजे. आपल्या जिन्याची एकच आहे."

इथे सगळं संपलं असतं तर मी आज ही गोष्ट सांगत बसलो नसतो. पण माणसं जास्त, हवा कमी. सेक्रेटरींना घाम फुटला. ते बसल्या जागी मागे वाकले, भिंतीवरचं बटण त्यांच्या हाताशी होतं, आणि कुठल्याही सभ्य माणसाने केलं असतं तेच त्यांनी केलं. पंखा लावला.

पंख्याने पहिली फेरी सावकाश घेतली आणि दोरी गुंडाळली. दुसऱ्या फेरीला शीड ताठ झालं. तिसऱ्या फेरीला आमची नौका, खालच्या गुळगुळीत ब्लँकेटसकट, फरशीवरून निघाली. मी देवाशपथ सांगतो, ती चालली. भिंत सोडली, कपाट ओलांडलं आणि हॉलच्या मध्याकडे जाऊ लागली. कप्तान ज्या आवाजात ओरडले तो आवाज समुद्रावरच्या माणसाचा नव्हता. त्यांनी सेक्रेटरींना मिठी मारली, सेक्रेटरींनी नियमावलीला. आई म्हणाली, अस्साच आला होता पूर. मग काडकन आवाज झाला, फिरत्या स्क्रूचा तो पाय सुटला, दांडा आणि चादर यांच्यासकट वर गेला आणि पंख्याला लोंबकळत गरगर फिरायला लागला. बायकोने उडी मारून मेन स्विच बंद केला. एवढ्या माणसांत बोटीबाहेर पडायचं सुचलं ते तिलाच.

धुरळा बसला. कोणाला खरचटलंही नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यावर जॅम होता. दोन वेण्यांचे डोळे बशीएवढे झाले होते.

"दरवर्षी चालते?" तिने विचारलं.

टिकलीने क्षणभर विचार केला. आता हो म्हणाली असती तर कोण विचारणार होतं?

"नाही," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच चालली."

दोन वेण्यांनी तिचा हात धरला तो घरी जाईपर्यंत सोडला नाही. पोरगी वाचली, आणि तीही खरं बोलून. आमच्या घरात त्या दिवशी खरं बोललेली ती एकटीच.

सगळे गेल्यावर आई आपल्या खोलीत आडवी झाली. आम्ही तिघं तीन पायांच्या त्या बोटीत बसून उरलेला ब्रेड खात होतो. मी टिकलीला विचारलं, तुला हे बोटीचं सुचलं तरी कुठून? ती माझ्याकडे बघत राहिली. बायको म्हणाली, "तुला खरंच आठवत नाही?"

मग तिने आठवण करून दिली. आम्ही या घरात आलो ते अशाच एका सुट्टीत. टेबल आणणाऱ्या माणसांनी ते उलटं ठेवून पाय जोडले, जेवून येतो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी उगवले. खुर्च्या आल्या नव्हत्या, गॅस लागला नव्हता. आई तेव्हा आमच्याकडे राहत नव्हती. आम्ही दोघं सामान कुठे लावायचं यावरून दिवसभर भांडून दमलो होतो. टिकली, तेव्हा जेमतेम तीन वर्षांची, त्या उलट्या टेबलात जाऊन बसली आणि भात वाढायच्या डावाने वल्हं मारायला लागली. मग आम्हीही आत बसलो. ब्रेड आणि केळी खाल्ली. आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे मी तेव्हा इतका हसलो होतो की मला ठसका लागला.

टिकली म्हणाली, "मी दर सुट्टीत विचारते, टेबल कधी उलटं करायचं. तुम्ही म्हणता, टेबल म्हणजे काय खेळणं आहे?"

ते मात्र मला लख्ख आठवलं. मी तिला जवळ घेतलं, आणि तिच्या केसातला जॅम माझ्या शर्टाला लागला.

यावर पडदा पडायला हरकत नव्हती, पण परंपरा अशी सोडत नाही. चालणाऱ्या बोटीची बातमी वर्षभर पसरत राहिली, आणि यंदा सुट्टी लागायच्या आधीच इमारतीच्या फलकावर सूचना झळकली: आपल्या इमारतीची प्राचीन नौका-परंपरा सर्व सभासदांनी साजरी करावी. इमारत बांधून किती वर्षं झाली ते विचारू नका, लिफ्टची हमी अजून संपलेली नाही. कप्तान नौका समितीचे अध्यक्ष झाले. बोटीचं तोंड लिफ्टकडे असावं की जिन्याकडे, यावरून दोन तट पडले, आणि ते एकमेकांचं पार्सलसुद्धा घेत नाहीत. सेक्रेटरींनी नियमावलीत नवीन कलम घातलं: पंखे बंद, ब्लँकेट सक्तीचं आणि नौकेस चार पाय अनिवार्य.

आमच्या टेबलाला तीनच आहेत. चौथ्या कोपऱ्याखाली मी पुस्तकांचा गठ्ठा लावतो, कारण सुतारमामा दर्यावर्दी घराण्याचं काम पुन्हा घ्यायला तयार नाहीत. पुस्तकांचा गठ्ठा नियमात बसत नाही. तेव्हा समितीने एकमताने आमचा सहभागाचा अर्ज फेटाळला. संस्थापक म्हणून माझा अपमान झाला, हे मी नोंदवून ठेवतो. मी सेक्रेटरींना तसं सुनावलंही. ते म्हणाले, परंपरेपुढे व्यक्ती मोठी नाही.

तर परवा, इमारतभर टेबलं उलटी होत असताना, आम्ही दार लावून घेतलं. आई समितीच्या आग्रहावरून खाली पुराची कथा सांगायला गेली होती. आम्ही तिघांनी टेबल अलगद उलटं केलं, शीड नाही, ब्लँकेट नाही, परवानगी नाही, आणि आत बसलो. बायकोने ब्रेडला जॅम लावता लावता टिकलीला विचारलं की या वर्षीच्या बाईंनीही तोच प्रश्न विचारला का.

"विचारला," टिकली केळं सोलत म्हणाली.

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आमच्या घरी सुट्टीत काहीच करत नाहीत."

हे मात्र धडधडीत खोटं होतं. बापाने अशा वेळी चार शब्द सुनावायला हवेत. मी उठलो, दाराची कडी नीट लागली आहे का ते बघून आलो, आणि परत बोटीत येऊन बसलो.